सावळ्या कातडीला फेसलिफ्ट करायचं असेल तर आधी कानामागे बघा

दोन वर्षांपूर्वी, सत्तावन्न पूर्ण झाल्यावर, मी फेसलिफ्ट, म्हणजे ओघळलेला चेहरा वर उचलायचं ऑपरेशन, करून घेतलं. रंग म्हणाल तर सावळा, चांगलाच सावळा, लग्न ठरवताना कागदावर "गहूवर्णी" लिहिलं होतं ती वडिलांची माया. तेव्हापासून कोण ना कोण विचारत असतं, मैत्रिणी विचारतात, मैत्रिणींच्या नणंदा विचारतात, परवा तर सोसायटीतल्या एकीने लिफ्टमध्ये माझा कान वाकवून बघितला, म्हणून एकदाच बैजवार लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, बँकेत तीस वर्षं घासलेली बाई आहे, त्यामुळे सही करायच्या आधी कागद वाचायचा आणि समोरच्याला चार प्रश्न विचारायचे एवढी खोड मात्र लागलेली आहे.

आधी नक्की काय खटकतंय ते आरशात बघून ठरवा. आपल्या कातडीत मेलॅनिन भरपूर, त्यामुळे उन्हाने पडणाऱ्या बारीक सुरकुत्या गोऱ्या बायकांपेक्षा बऱ्याच उशिरा येतात, तेवढं आपलं नशीब. पण आतलं मांस खाली उतरायचं ते उतरतंच, गाल ओघळतात, जबड्याची रेघ मोडते, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना छोट्या पिशव्या लोंबतात आणि गळ्यावर दोन उभे दोर दिसायला लागतात. फेसलिफ्ट आहे ते ह्याच्यासाठी, गालाच्या खालच्या भागापासून मानेपर्यंत. कपाळ नि पापण्या ही वेगळी ऑपरेशनं. आणि वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठाभोवतीचा काळपटपणा ह्यातलं काहीही फेसलिफ्टने जात नाही, कातडी ओढली म्हणून तिचा रंग बदलत नाही. काळी, जाड, मखमलीसारखी दिसणारी मान असेल तर ती घासून जाणार नाही नि कापूनही जाणार नाही, ती बऱ्याचदा इन्सुलिनची गडबड असते, आधी शुगर तपासा. माझी एक मैत्रीण मानेसाठी म्हणून फेसलिफ्टची चौकशी करायला गेली आणि डायबेटिसची फाईल घेऊन परत आली, चांगलंच झालं म्हणायचं.

डॉक्टर तुम्हाला "टाइप फोर" किंवा "टाइप फाइव्ह" असं काहीतरी म्हणतील, दचकू नका. ती फिट्झपॅट्रिकची मोजपट्टी, ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते त्यावरून केलेले नंबर. थॉमस फिट्झपॅट्रिक ह्या अमेरिकन डॉक्टरने ती १९७५ मध्ये काढली तेव्हा चारच नंबर होते, आपल्यासारख्या गडद कातडीचे पाच आणि सहा मागून जोडले. आपण बहुतेक भारतीय चार-पाचात येतो, कोणी तीन, कोणी सहा. नंबराचा उपयोग एवढाच की कातडीला जखम झाली की तिथे डाग किती पडेल ह्याचा अंदाज येतो.

आणि आपल्या बाबतीत सगळा मामला इथेच आहे, वण आणि डाग. गोऱ्या कातडीवर कानापुढची बारीक रेघ बहुतेक वेळा हळूहळू विरून जाते, आपल्याकडे तीच रेघ काळी पडू शकते, किंवा पांढरीफटक होऊन काळ्या केसांच्या कडेला उठून दिसू शकते, किंवा फुगून वर येऊ शकते. पैसे किती, हॉस्पिटल कुठलं हे सगळं नंतर, आधी स्वतःच्या अंगावरचे जुने वण वाचायला बसा, खरंच बसा, अंघोळीनंतर दहा मिनिटं, आरसा आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन.

माझ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत चेहऱ्याला हातही लावला नाही, आधी कानातलं काढायला लावलं. मग टॉर्च घेऊन कानाची पाळी पुढून बघितली, मागून बघितली, बोटांच्या चिमटीत धरून भोकाच्या आत काही टणक लागतं का ते चाचपलं, वरचं बुगडीचं बुजलेलं भोक बघितलं, नाक टोचलेलं बघितलं. मग दंड दाखवा म्हणाले, देवीचा नि बीसीजीचा वण. मग मुलं कशी झाली, सिझेरियन का, टाक्यांची जागा कशी आहे, सपाट आहे की दोरीसारखी, खाज येते का. मी मनात म्हटलं हे चेहरा कधी बघणार. पण तेच बरोबर होतं, कारण फेसलिफ्टची चीर सगळी कानाभोवतीच असते, आणि कान ही केलॉइडची आवडती जागा.

इथे दोन शब्द नीट समजून घ्या कारण क्लिनिकमध्ये सगळ्यालाच सरसकट केलॉइड म्हणतात. वण जाड झाला, लाल-जांभळा झाला, पण चिरेच्या हद्दीतच राहिला आणि वर्ष-दीड वर्षात हळूहळू बसला, तर तो हायपरट्रॉफिक वण. हद्द सोडून शेजारच्या चांगल्या कातडीत पसरला, खाजतो, ठणकतो, स्वतःहून बसत नाही, कापला तर बऱ्याचदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा होऊन, तो केलॉइड. पहिल्या प्रकारात काळजी घेऊन पुढे जाता येतं. दुसरा कानावर किंवा जबड्यावर झालेला असेल, किंवा आई-बहिणींना असेल, तर बरेच चांगले सर्जन सरळ नाही म्हणतात, आणि नाही म्हटलं तर त्यांचे पाय धरावेत असे ते डॉक्टर. दंड आणि छाती ह्या मुळातच वण वाढायच्या जागा आहेत, त्यामुळे फक्त बीसीजीचा वण फुगीर आहे म्हणून घाबरून परत फिरायचं कारण नाही, पण दाखवा मात्र नक्की. माझ्या धाकट्या बहिणीने हौसेने चाळिशीत बुगडीचं भोक पाडून घेतलं, वर्षभरात तिथे चिंचोक्याएवढी गाठ आली, इंजेक्शनं घेऊन दबली पण गेली नाही. माझं बघून तिलाही फेसलिफ्ट हवं होतं, तिला दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी एकजण हो म्हणाला, कान न बघताच. ती तिथून उठून आली, शहाणी माझी बहीण.

आता चीर कुठे घेणार हे कागदावर काढून दाखवायला सांगा, लाजू नका. साधारण कानशिलाच्या केसांतून किंवा केसांच्या कडेने सुरू होते, कानापुढून खाली येते, पाळीला वळसा घालून कानामागे जाते आणि मागच्या केसांत शिरते. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो ना, त्याच्या पुढून रेघ आणायची की आतल्या बाजूने लपवायची, हा प्रश्न आपल्या रंगाला महत्त्वाचा, कारण गालाचा रंग आणि कानाचा रंग आपल्यात सारखा नसतो, आरशात बघा, उन्हामुळे गाल एक शेड गडद असतो किंवा उलट. पुढून आणली आणि काळी पडली तर समोरून दिसणार. आतून आणली तर लपते, पण गालाची कातडी त्या उंचवट्यावर येऊन बसते, ती जाड असेल तर कानाचा तो कोपरा बोजड दिसतो. मी आतून घेतली. दुसरी गोष्ट अंबाडा. आपण केस वर बांधतो, गजरा माळतो, म्हणजे कानामागचं सगळं जगाला उघडं. सर्जनला सांगा की मी केस वर बांधते, मग ते कानामागची रेघ खोबणीत ठेवतील आणि केसांची कड जिन्यासारखी तुटणार नाही हे बघतील.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पण हा विचारा की ताण कशावर देणार. पूर्वी नुसती कातडी ओढून शिवायचे, चार दिवस छान दिसायचं, मग वण रुंद व्हायचा आणि पाळी खाली खेचली जायची. कातडीखाली चेहऱ्याच्या स्नायूंना धरून एक पातळ थर असतो, त्याला एसएमएएस म्हणतात, मित्झ आणि पेरोनी ह्या दोघांनी १९७६ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, आणि १९९० च्या सुमारास हॅम्रा नावाच्या सर्जनने अजून खोल जाऊन करायची डीप प्लेनची पद्धत मांडली. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, मुद्दा एवढाच की ओढायचं ते आतल्या थराला, वरची कातडी नुसती अलगद टेकवून शिवायची. ताणावर शिवलेली जखम फुगते, आणि आपली कातडी तर फुगायला टपलेलीच असते. "मिनी लिफ्ट, एका तासात, लंच करून घरी" असलं कोणी म्हणालं तर हाच प्रश्न विचारा, ताण कशावर. उत्तर नीट आलं नाही तर चहा पिऊन निघून या.

सर्जन प्लास्टिक सर्जरीचाच हवा, एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी असलेला, नुसतं "कॉस्मेटिक" अशी पाटी पुरत नाही. महाराष्ट्रात असाल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागून घ्या, त्यात राग येण्यासारखं काही नाही. फोटो बघायला मागा, पण कुठले? आपल्या रंगाच्या बाईचे, ऑपरेशननंतर वर्षभराने काढलेले, केस वर बांधून, बाजूने आणि कानामागून. मला एका ठिकाणी वीस फोटो दाखवले, त्यातले सतरा-अठरा गोऱ्या परदेशी बायकांचे आणि उरलेल्यांवर फ्लॅश एवढा मारलेला की माझा फोटो काढला असता तरी मी गोरी दिसले असते. आणि पॅकेज म्हणून रंग उजळायची ग्लुटाथायॉनची इंजेक्शनं, "ब्राइटनिंग" वगैरे आत घुसडलं असेल तर ते काढून टाकायला सांगा, आपण गाल उचलायला आलोय, रंग बदलायला नाही. त्याच बैठकीत खोल केमिकल पील किंवा सीओटू लेझर, म्हणजे कातडीचा वरचा थर औषधाने किंवा लेझरने काढणं, करून देतो म्हणाले तरी नको म्हणा, नुकत्याच उचललेल्या कातडीचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, त्यात आपला रंग, डाग पडायला किंवा पांढरे चट्टे उठायला एवढं पुरे. पुढे कधी लेझर करायचंच झालं तर गडद कातडीला त्यातल्या त्यात १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग हा लेझरचा प्रकार बरा, तोही आधी कानामागे छोटा पॅच करून.

पैशाचं एका वाक्यात सांगते, मेडिक्लेम मिळत नाही, वर जीएसटी लागतो, आणि कोटेशनमध्ये भूल, एक रात्र मुक्काम, ड्रेसिंग आणि पुढे वण फुगला तर त्याची इंजेक्शनं धरलीत का हे लिहून घ्या.

आता तयारी. डॉक्टर विचारतात "सिगारेट ओढता का", आपल्या बायका चटकन नाही म्हणतात, आणि खरंच ओढत नाहीत. पण मिश्री? माझी मावशी सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहाला बसत नाही आणि तिला कोणी विचारलं तंबाखू खाता का तर ठामपणे नाही सांगेल, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मिश्री, तपकीर, गुटखा, तंबाखूचं पान, अगदी निकोटिनची च्युइंगमसुद्धा, सगळ्यात निकोटिन, आणि निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. फेसलिफ्टमध्ये कातडी खालून सोडवलेली असते, तिला रक्त फक्त कडेकडेने येतं, कानामागचं टोक सगळ्यात लांब, तिथपर्यंत रक्त पोचलं नाही तर तेवढा तुकडा काळा पडून मरतो आणि तिथे जो वण राहतो तो कुठल्याही क्रीमने जात नाही. कमीत कमी चार आठवडे आधी बंद, चार आठवडे नंतर बंद, आणि लपवू नका, सर्जनला एकट्याने भेटून सांगा हवं तर.

बाकी अॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, लसणीच्या नि हळदीच्या कॅप्सूल, हे सगळं रक्त पातळ करू शकतं, साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. पण हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरना विचारूनच. आयुर्वेदिक काढा, होमिओपॅथी, सगळं सांगा. बीपी आवरलेलं हवं, शुगर आवरलेली हवी, हिमोग्लोबिन बरं हवं. वजन कमी करायचा बेत असेल तर आधी करा, नाहीतर आज ओढलेलं सहा महिन्यांत परत सैल.

आणि एक क्रीमचं. वांगावर म्हणून मेडिकलमधून आणलेली तीन औषधं एकत्र असलेली क्रीम कितीजणी वर्षानुवर्षं लावतात, त्यात हायड्रोक्विनोन हे डाग फिके करणारं औषध असतं आणि स्टेरॉइड असतं, स्टेरॉइडने कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, बंद केलं की भडका उडतो. तशी कातडी घेऊन टेबलावर जाऊ नका. चार-सहा महिने आधी स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन ते सोडवा. केस रंगवायचे तर ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रंगवून घ्या, नंतर महिना-दीड महिना डाय नाही, मेंदी नाही. बोटांना मेंदी आणि नेलपॉलिशही नको, बोटावर ऑक्सिजनचं यंत्र लावतात ते नीट वाचत नाही.

दिवस कुठले घ्यायचे? एप्रिल-मे नको, घामाने नि उन्हाने जीव जातो, दिवाळीनंतर थंडीत बरं. घरात लग्न असेल तर निदान तीन महिने आधी, खरं तर सहा.

ऑपरेशन चार-पाच तास चालतं, एक रात्र राहावं लागतं. कानामागून बारीक नळ्या काढलेल्या असतात, त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढतात, डोक्याला पट्टा. सोबत येणाऱ्या माणसाला एक गोष्ट नीट समजावून ठेवा. कातडीखाली रक्त साठणं ही फेसलिफ्टमधली सगळ्यात नेहमीची अडचण, बहुतेक पहिल्या चोवीस तासांत, आणि पुस्तकात लिहिलेला "लालसरपणा" आपल्या कातडीवर सहज दिसत नाही. इन्फेक्शनसुद्धा आपल्याकडे बऱ्याचदा लाल न दिसता जांभळट, चॉकलेटी दिसतं. म्हणून रंगावर जाऊ नका, हात लावून बघा, एकच बाजू जास्त टणक झाली का, ताणून चकाकते का, गरम लागते का, एकाच बाजूला ठणका वाढतोय का. तसं वाटलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. माझा मुलगा दर तासाला दोन्ही गालांना उलट्या हाताने स्पर्श करून बघत होता, पोळी भाजली का बघावं तसा.

दोन-तीन उशा घेऊन डोकं वर ठेवून झोपायचं, वाकायचं नाही, जोर करून संडासला बसायचं नाही, त्यासाठी इसबगोल आधीच आणून ठेवा. कानापुढचे टाके पाच-सात दिवसांत, मागचे दहाएक दिवसांत निघतात. पाळी बधिर होते, माझी चार महिने होती, कान दुसऱ्याचा असल्यासारखा वाटतो. बधिर आहे तोवर हेअर ड्रायर नको, भाजलं तरी कळत नाही. जखमेवर हळद नको, तेल नको, कोरफड नको, आजीचं काही म्हणजे काहीच नको.

निळं-हिरवं दोन-तीन आठवड्यांत जातं, पण आपल्यात त्याच्यामागून एक चॉकलेटी सावली राहते, माझ्या मानेवर डाव्या बाजूला तीन महिने होती. घाबरून तिच्यावर क्रीम चोळत बसू नका, चोळण्यानेच ती वाढते. सनस्क्रीन मात्र धर्मासारखं, एसपीएफ तीस किंवा जास्त, दोन बोटं भरून, दर दोन-तीन तासांनी, आणि जमलं तर टिंट असलेलं, म्हणजे ज्यात आयर्न ऑक्साइड असतं ते. कारण गडद कातडी नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही काळवंडते आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. टाके निघून जखम पूर्ण मिटली की मगच, उघड्या जखमेवर नाही. पुण्यातल्या बायकांसाठी वेगळं सांगते, स्कूटरवर आपण स्कार्फ असा आवळून बांधतो की फक्त डोळे दिसतात, तो कानावर नि जबड्यावर घासतो आणि घासलं की डाग. दोन-तीन महिने रिक्षा. थ्रेडिंग, ब्लीच, वाफ, पार्लरचा मसाज, हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

जखम मिटली की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, रोज बारा तास तरी, निदान तीन महिने. कंटाळा येतो, केस चिकटतात, तरी लावा. आणि दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, कानामागचा फोटो काढून ठेवा. केलॉइड लगेच येत नाही, तीन महिन्यांनी येतो, कधी वर्षाने. रेघ खाजायला लागली, बोटाला दोरीसारखी लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, ट्रायमसिनोलोन ह्या स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर दिलं तर दबतो, मोठा झाला की मग झगडा. माझ्या उजव्या कानामागे चौथ्या महिन्यात तांदळाएवढी टणक जागा आली होती, फोटोत दिसली म्हणून कळली, महिन्याच्या अंतराने दोन इंजेक्शनं घेतली, बसली. तिथे आता थोडा फिका ठिपका आहे, इंजेक्शनने तसं होतं, तोही हळूहळू भरतोय.

दागिन्यांचं सगळ्याजणी विचारतात. हलक्या कुड्या मी दीड महिन्याने घातल्या, झुमके वर्षभर नाही, नव्या बसलेल्या पाळीला वजन लावलं तर ती खाली ओघळते. माझी भोकं वर्षानुवर्षांच्या झुमक्यांनी चिरत आली होती, ती त्याच ऑपरेशनात शिवून घेतली आणि सहा महिन्यांनी जरा बाजूला परत टोचली, वण सपाट आहे ही खात्री करूनच. भाचीच्या लग्नात झुमके घातले ते वेल लावून, वेल केसांत अडकवला की भार पाळीवर येत नाही.